पाऊल चुकल्यावर

मंडळी, वसईचा किल्ला तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या मोहिमेच्या धड्यात तो वाचला असेल. त्या किल्ल्याच्या तटाच्या आत छप्पर गेलेली आणि नुसत्या भिंती उरलेली जुनी ख्रिस्ती देवळे आजही उभी आहेत. 'देवळे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वसईकडची ख्रिस्ती मंडळी बोलताना चर्चला देऊळच म्हणतात.

या वसईत १५५६-५७ च्या सुमारास एक मूल जन्माला आले. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. मुलाचे नाव गोन्सालो गार्सिया. हा मुलगा मोठा होऊन मिशनरी पाद्र्यांबरोबर जपानात गेला, तिथली भाषा शिकला. मग काही वर्षे त्याने व्यापार केला. पुढे मनिला शहरी फ्रान्सिस्कन संघात तो ब्रदर झाला आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात आला. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकी शहराबाहेरच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत हा आपला वसईकर होता. १८६२ साली पोपनी त्या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केले.

पण आज मी तुम्हांला गोन्सालोची गोष्ट सांगायला बसलो नाही. शूराची गोष्ट सांगायला सोपी असते. तिचा शेवट ठरलेला असतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते. मला विचारायचं आहे ते दुसरंच. त्याच नागासाकीत, त्याच श्रद्धेची हजारो माणसं अशी होती, की वेळ आली तेव्हा त्यांचं धैर्य पुरलं नाही. पोराबाळांकडे पाहून त्यांनी मान खाली घातली आणि अधिकारी जे म्हणाला ते केलं. त्या माणसांचं पुढं काय झालं? त्यांना परतीची वाट होती की नव्हती? इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न फारसा येत नाही. पण तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांना हाच प्रश्न अधिक जवळचा आहे.

जपानातला ख्रिस्ती धर्म निघाला तो आपल्या गोव्याहून. १५४७ साली मलाक्का बंदरात आंजिरो नावाचा एक जपानी माणूस संत फ्रान्सिस झेवियर यांना भेटला. कागोशिमा हे त्याचे गाव. त्याच्या हातून तिथे एक खून झाला होता, म्हणून तो देश सोडून पळाला होता. केलेल्या कृत्याने त्याचे मन पोखरत होते, आणि अशा मनाला कुठे शांती मिळेल का, याच्या शोधात तो होता. झेवियरनी त्याला गोव्याला आणले. १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी त्याला बरोबर घेऊन झेवियर निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. तेव्हा हे ध्यानात ठेवा, की त्या देशात या धर्माला वाट दाखविणारा पहिला माणूसच मुळी चुकलेला, पश्चात्तापाने पोळलेला असा होता.

पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत हा धर्म तिथे झपाट्याने पसरला. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानात सुमारे तीन लाख ख्रिस्ती असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही सरदारही ख्रिस्ती झाले. पण राज्यकर्त्यांच्या मनात संशय शिरला. पाद्र्यांच्या मागून स्पेन-पोर्तुगालच्या तोफा येतील, आणि प्रजेची निष्ठा राजाकडून दुसरीकडे वळेल, ही भीती त्यांना वाटू लागली. १५८७ साली पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला, १५९७ साली ते सव्वीस वध झाले आणि १६१४ साली सबंध देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली.

आरंभी सरकारने मारून पाहिले. त्याचा परिणाम उलटा झाला. जिथे माणूस धर्मासाठी मरे तिथली माती लोक कपाळाला लावीत आणि राहिलेल्यांचा विश्वास आणखी पक्का होई. अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आले. मेलेला माणूस आदर्श होऊन बसतो. जिवंत राहून ज्याने धर्म सोडला, तो मात्र इतरांचे पाय डळमळीत करतो. तेव्हा मारण्यापेक्षा वाकविण्याकडे त्यांनी लक्ष दिले. नवनव्या छळाच्या तऱ्हा काढल्या. त्यांतली एक अशी, की माणसाला बांधून खड्ड्यात उलटे टांगायचे आणि मरणही लवकर येऊ द्यायचे नाही.

१६३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात नागासाकीत काही पाद्र्यांना असे टांगले. त्यांत ज्युलियन नाकाउरा नावाचा वृद्ध जपानी धर्मगुरू होता. लहानपणी तो जपानी सरदारांच्या वकिलातीबरोबर रोमला जाऊन पोपना भेटून आला होता. त्या प्रवासात त्याचा मुक्काम गोव्यातही पडला होता. तो खड्ड्यात लटकून मेला, पण हटला नाही. त्याच वेळी टांगलेल्यांत क्रिस्तोव्हाव फेरेरा हा पोर्तुगीज पाद्री होता. जपानातल्या जेझुइट संघाचा तो त्या वेळी प्रमुख. मोठा विद्वान, वीसहून अधिक वर्षे त्या देशात राबलेला. पाच तासांनी त्याने शरणागतीची खूण केली. त्याला वर काढले, जपानी नाव दिले, आणि पुढे सरकारच्या पदरी तो दुभाष्याचे काम करू लागला.

मंडळी, एक टिकला आणि एक ढळला. दोघांना न्यायाला बसवणारे आपण कोण? पण गावोगावच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांवर या बातमीने काय वेळ आणली असेल याचा विचार करा. जो इतरांना धीर देत होता, त्याचाच धीर गेला. मग कोळ्यानं, कुणब्यानं काय करावं?

आता सरकारने आणखी एक युक्ती काढली. तिला जपानी भाषेत 'फुमि-ए' म्हणतात. अर्थ सरळ आहे : तुडवायचे चित्र. येशूचे किंवा त्याच्या मातेचे चित्र जमिनीवर ठेवायचे आणि प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. पहिल्याने कागदावरची चित्रे वापरली, ती फाटू लागली म्हणून लाकडात बसविलेली धातूची चित्रे आली. १६६९ साली तर नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी पितळेच्या वीस पाट्या ओतवून घेतल्या. त्यांतल्या एकोणीस आज टोकियोच्या संग्रहालयात आहेत. इतक्या पायांखालून गेल्यामुळे त्यांच्यावरचे नाक-डोळे झिजून गुळगुळीत झाले आहेत.

दर वर्षी, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, हा विधी होई. नागासाकी शहरात गल्लीगल्लीतून, खेड्यात गावच्या मुख्याच्या घरी. या मुख्याला तिकडे 'शोया' म्हणत. आपण त्याला पाटील म्हणू. पाटलाच्या घरी सबंध गाव रांगेने उभे राही. यादी वाचली जाई. नाव आले की पुढे व्हायचे, पाय ठेवायचा आणि बाजूला व्हायचे. म्हातारेकोतारे सुटत नसत. तान्ह्या मुलाला आई उचलून आणी आणि त्याचा इवला पाय त्या पितळेला टेकवी. ज्याचा पाय थरथरला, ज्याच्या कपाळावर घाम आला, त्याच्यावर कारकुनाची नजर असे. शिवाय प्रत्येक कुटुंबाने कुठल्यातरी बौद्ध मठात आपले नाव नोंदवलेच पाहिजे, मेल्यावर भिक्षूकडूनच क्रियाकर्म झाले पाहिजे, असा नियम होता. १६४४ साली देशातला शेवटचा पाद्रीही मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जपानातल्या ख्रिस्ती माणसाला धर्मगुरूचे तोंड दिसले नाही.

नागासाकीला लागूनच उराकामी नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. आपली गोष्ट आता या गावात मुक्काम करणार आहे. उराकामीतले बहुतेक लोक मनाने ख्रिस्ती होते. आणि उराकामीतले हे सगळे लोक दर वर्षी पाटलाच्या घरी जाऊन त्या चित्रावर पाय ठेवीत होते.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. ज्याला आपण देव मानतो त्याच्या मुखावर पाय द्यायचा. एखाद्या वारकऱ्याला पंढरीच्या विठ्ठलाच्या मूर्तीवर पाय ठेव म्हणून सांगितलं तर त्याच्या काळजाचं काय होईल, ते मनात आणा म्हणजे कळेल. हा केवळ सरकारी सोपस्कार आहे, असं म्हणून त्यांना स्वतःची समजूत घालता आली असती. त्यांनी ती घातली नाही. हे पाप आहे हे ते जाणून होते. काही गावांतून अशी आठवण सांगतात, की चित्रावर पाय ठेवून घरी आल्यावर ते लोक पाय धुवीत आणि ते पाणी पिऊन टाकीत. ज्या पायांनी त्या मुखाला स्पर्श केला, त्या पायांचं ते पाणी. अपराध आणि भक्ती एकाच ओंजळीत.

पापाची क्षमा ख्रिस्ती माणूस मागतो ती कशी? कॅथॉलिक रीत अशी, की धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पाप कबूल करायचे. वसईत आणि गोव्यात याला कुमसार म्हणतात. पण जिथे धर्मगुरूच नाही तिथे कुमसार कोणाकडे करायचा? इथे एका लहानशा पुस्तकाची हकिगत सांगितली पाहिजे.

१६०३ साली, म्हणजे देशव्यापी बंदीच्या अकरा वर्षे आधी, नागासाकीच्या पाद्र्यांनी जपानी भाषेत एक पुस्तिका तयार केली होती. तिचा विषय 'कोन्चिरिसान'. पोर्तुगीज भाषेत मनापासूनच्या अनुतापाला जो शब्द आहे, त्याचेच हे जपानी जिभेवरचे रूप. पुस्तिकेतली शिकवण थोडक्यात अशी : धर्मगुरू भेटत नसेल तर देवाची दया आटत नाही. माणसाने आपल्या पापाबद्दल खरे दुःख केले पाहिजे. ते दुःख नरकाच्या भीतीपोटी नव्हे, तर ज्याने आपल्यावर इतके प्रेम केले त्याला आपण दुखावले, या जाणिवेचे असावे. पुन्हा तसे न करण्याचा निश्चय हवा, आणि पुढे कधी धर्मगुरू भेटला तर त्याच्यापाशी ते पाप कबूल करण्याची तयारी हवी. इतके असेल तर क्षमा मिळते.

पाद्री गेले, छापखाना गेला, पुस्तके जाळली गेली. पण ही पुस्तिका हाताने उतरून काढलेल्या प्रतींतून आणि त्याहून अधिक लोकांच्या पाठांतरातून टिकली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा लिहिल्यावाचून आजीकडून नातीकडे आल्या, तशी ती अनुतापाची प्रार्थना तिथे बापाकडून मुलाकडे गेली. पाटलाच्या घरून परत आल्यावर दारे लावून घरोघर ही प्रार्थना म्हटली जाई.

आता वर्गात रोज मुलं सांभाळणारे गुरुजी मला इथं अडवतील. म्हणतील, "अहो, हे तर फार सोयीचं झालं! दर वर्षी पाय ठेवायचा, दर वर्षी रडायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाय ठेवायचा. रोज गृहपाठ विसरून रोज माफी मागणाऱ्या मुलाला आम्ही काय म्हणतो?" प्रश्न खरा आहे. निश्चय करायचा आणि तो मोडणार हे ठाऊक असायचं, ही गाठ उराकामीच्या शेतकऱ्यांना सुटली नव्हती. ती त्यांनी सात पिढ्या उराशी बाळगली.

पण उत्तर शोधायचं तर त्यांच्या उरलेल्या वर्षाकडे पाहावं लागेल. ज्याला खरोखर सुटका हवी असते तो पाय ठेवून मोकळा होतो. त्या दिवसानंतर त्याच्या मागे कोणी लागत नाही. उराकामीचे लोक मोकळे झाले नाहीत. त्यांनी गावात गुप्त व्यवस्था लावली. एक वडीलधारा सणवारांचे पंचांग सांभाळी, उपासाचे दिवस कोणते आणि नाताळ कधी ते सांगे. दुसरा जन्मलेल्या मुलांना बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोचवी. येशूच्या मातेची मूर्ती उघड ठेवता येईना, म्हणून त्यांनी कान्नोन या बौद्ध देवतेची पांढऱ्या चिनी मातीची मूर्ती पुढे ठेवली आणि तिच्यात मारियेला पाहिले. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत ज्याच्या मूर्ती आहेत तोच. जपानात जाऊन तो करुणेची माउली झाला होता. यांतले काहीही उघडकीला आले असते तर शिक्षा ठरलेली होती. १७९० पासून उराकामीत एकामागून एक धरपकडी झाल्या. १८५६ सालच्या धरपकडीत तर गावच्या या गुप्त व्यवस्थेचा मुख्य तुरुंगातच मेला. तरी पंचांग चालू राहिले. जो माणूस पाय ठेवून घरी येतो आणि त्याच रात्री आपल्या मुलाला ती प्रार्थना शिकवून जीव धोक्यात घालतो, त्याला ढोंगी म्हणणं मला तरी जमत नाही.

बायबलात पेत्राची गोष्ट आहे. येशूला धरून नेले त्या रात्री त्याचा हा पट्टशिष्य अंगणात शेकोटीपाशी ऊब घेत उभा होता. एका मोलकरणीने त्याला ओळखले. त्याने कानांवर हात ठेवले. तीनदा विचारणा झाली, तीनदा त्याने 'मी त्या माणसाला ओळखत नाही' असे सांगितले. तेवढ्यात कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुढे पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा एक विस्तव पेटलेला होता. तिथे येशूने त्याला तीनदाच विचारले, की तुझे माझ्यावर प्रेम आहे का? तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा उत्तर देण्याची संधी दिली. आणि काम कोणते सोपविले? मेंढरांची राखण. जो पळून गेला त्याच्याच हाती कळप दिला. ख्रिस्ती लोक 'कृपा' म्हणतात ती हीच. लायकीचा हिशेब न मांडता केलेली माया. उराकामीच्या लोकांना विद्वानांचे ग्रंथ ठाऊक नव्हते, पण पेत्राचे ते रडणे त्यांना नक्कीच कळले असणार.

१८५८ साली जपानने परदेशांशी तह केले. त्याच सुमारास फुमि-एची चाल बंद पडली. परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्यापुरते चर्च बांधायची परवानगी मिळाली, जपानी माणसांवरची बंदी मात्र तशीच होती. नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच पाद्र्यांनी एक चर्च बांधले आणि ते त्या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने अर्पण केले. म्हणजे त्यात आपल्या वसईच्या गोन्सालोचेही नाव आले. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी दहा-पंधरा शेतकरी बायामाणसे त्या चर्चच्या दारात घुटमळत उभी होती. फादर पतीजाँ यांनी दार उघडून त्यांना आत घेतले. ते प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले तेव्हा एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, की आमचेही मन तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, मारियेची मूर्ती कुठे आहे? ही मंडळी उराकामीची होती.

दोनशे वर्षे ज्यांचा मागमूस नाही असे जग समजत होते, ती माणसे दारात उभी होती. फादरना फार आनंद झाला. पण उराकामीकरांच्या मनात काय असेल? त्यांच्याजवळ सात पिढ्यांचा कुमसार साठला होता. धर्मगुरू भेटला तर त्याच्यापाशी पाप कबूल करू, हा जो शब्द त्यांच्या वाडवडिलांनी त्या प्रार्थनेत दर वर्षी दिला होता, तो पाळायची वेळ आता आली होती. पुढे १८६९ साली पतीजाँ यांनी ती अनुतापाची पुस्तिका नव्याने छापविली. छापायचा मजकूर रोमहून मागवावा लागला नाही. तो लोकांनी जपून ठेवलेला होता.

गोष्ट इथं संपती तर गोड शेवट झाला असता. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

धर्मगुरू भेटल्यावर उराकामीच्या लोकांनी मेलेल्यांचे क्रियाकर्म बौद्ध भिक्षूकडून करून घ्यायचे नाकारले. आता लपणे नको, असे त्यांनी ठरविले. १८६७ सालच्या जुलै महिन्यात एका रात्री गावावर धाड पडली आणि अडुसष्ट जणांना पकडून नेले. तुरुंगात छळ सुरू झाला. दोरखंडांनी आवळून, वर पाणी ओतून ते आणखी आवळायचे, असले प्रकार झाले. एकामागून एक माणसे मोडली. ताकागी सेनेमोन नावाचा एकच गृहस्थ शेवटपर्यंत हटला नाही. बाकी सर्वांनी धर्म सोडतो म्हणून कबूल केले आणि ते सुटले.

ते घरी आले, पण घर त्यांना गोड लागेना. बायकामुलांच्या डोळ्यांत पाहवेना. आणि मग जे घडले त्यासाठी मी तुमचा इतका वेळ घेतला. काही दिवसांतच त्यांतली कितीतरी माणसे आपल्या पायांनी पाटलाकडे गेली आणि म्हणाली, 'आम्ही दिलेला शब्द परत घेतो. आम्ही ख्रिस्तीच आहोत.' कोणी बोलाविले नव्हते, कोणी मारीत नव्हते. ज्या घरी त्यांच्या आज्या-पणज्यांनी मान खाली घालून पाय ठेवला होता, त्याच घरी जाऊन त्यांनी मान वर केली. पुन्हा तुरुंग आहे, पुन्हा तो दोरखंड आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ते शब्द परत घेऊ शकले, कारण पडलेल्या माणसाला उठता येतं हे त्यांना घरात शिकवलेलं होतं. 'एकदा पडलास की संपलास' अशी शिकवण असती, तर ती माणसं पहिल्याच धक्क्यात कायमची मोडली असती.

१८६८ साली जुनी राजवट गेली, नवे सरकार आले. नव्यानेही जुनाच मार्ग धरला. उराकामीच्या सबंध गावाला, सुमारे तीन हजार चारशे माणसांना, उचलून देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार केले. सेनेमोनला त्सुवानो गावी नेले. तिथे ऐन हिवाळ्यात त्याला गोठलेल्या तळ्यात ढकलले. अन्न तोडले, मुलांना आईबापांपुढे उपाशी ठेवले. सहाशेहून अधिक माणसे हद्दपारीत मेली. सुमारे हजार जणांनी पुन्हा एकदा माघार घेतली आणि धर्म सोडतो म्हणून लिहून दिले.

बाहेरच्या देशांतून जपान सरकारवर टीका होऊ लागली. १८७३ सालच्या फेब्रुवारीत बंदीच्या पाट्या उतरविल्या गेल्या आणि उरलेली माणसे उराकामीला परतली. घरे पडलेली, शेते ओसाड. आता गावात दोन तऱ्हेची माणसे होती : टिकलेली आणि ढळलेली. ज्याची मुलगी उपाशी मेली पण ज्याने शब्द दिला नाही, आणि ज्याने शब्द देऊन आपली मुलगी वाचविली, अशांची घरे शेजारी शेजारी. आपल्या गावांत भाऊबंदकी कशावरून पेटते ते आपण जाणतो. बांधावरून आणि पाण्याच्या पाळीवरून पिढ्यान्पिढ्या बोलणे बंद होते. इथे तर जिवावरची कारणे होती. पण उराकामी दुभंगले नाही. ढळलेल्यांतले बहुतेक लोक पश्चात्ताप करून चर्चमध्ये परत आले आणि त्यांना परत घेतले गेले. हे ज्यांनी केले त्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टिकलेल्या माणसालाही आठवत होते, की आपला बाप आणि आजा दर वर्षी पाटलाच्या घरी जात होता. निर्मळ पायांचा असा त्या गावात कोणीच नव्हता. म्हणून दगड उचलायला कोणाचा हात वर गेला नाही.

मग १८८० साली या गरीब गावाने एक जागा विकत घेतली. कोणती जागा? पाटलाच्या घराची. जिथे दर वर्षी ते चित्र मांडले जाई आणि ज्या अंगणात त्यांच्या सात पिढ्यांनी रांग लावली, तीच जागा त्यांनी देवळासाठी निवडली. पै पै जमवून, विटा वाहून त्यांनी तिथे मोठे चर्च बांधायला घेतले. काम १८९५ साली सुरू झाले आणि १९१४ साली चर्च उभे राहिले. लाज झाकायची तर माणसं ती जागा टाळतात, तिचं नाव काढत नाहीत. त्यांनी वेदी मांडली ती नेमकी तिथंच.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने नागासाकीवर अणुबाँब टाकला. तो फुटला उराकामीवर, चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. चर्च कोसळले. तिथल्या बारा हजार ख्रिस्ती माणसांपैकी सुमारे साडेआठ हजार मेली. त्या वर्षी नाताळच्या सुमारास लोकांनी ढिगाऱ्यातून एक शाबूत घंटा उकरून काढली आणि ओंडक्यांना टांगून वाजविली. १९५९ साली त्याच जागी नवे चर्च बांधले, ते आज उभे आहे.

तर मंडळी, अडीचशे वर्षे ही श्रद्धा टिकली ती कशाने? हुतात्म्यांनी तिला तेज दिले यात शंका नाही. गोन्सालोचे नाव वसईत आणि नागासाकीत दोन्हीकडे आदराने घेतात. पण मेलेली माणसे मुलांना प्रार्थना शिकवू शकत नाहीत. ती शिकविली पाय ठेवून घरी आलेल्या, पाय धुवून रडलेल्या आणि पुन्हा उठलेल्या आईबापांनी. न पडणाऱ्यांचे गाव ते कधीच नव्हते. पडल्यावर काय करायचे, हे त्या गावाला पाठ होते.

तुमच्या गावातही एखादा माणूस असेल, एके काळी त्याचं पाऊल चुकलं आणि तेव्हापासून तो चावडीवर येत नाही, लोकही त्याला हाक मारीत नाहीत. एखादा मुलगा असेल, परीक्षेत कॉपी करताना सापडला आणि मग शाळेकडे फिरकलाच नाही. त्यानं केलं ते चूकच, ते बरोबर म्हणू नका. उराकामीकरांनीही आपल्या पायाला कधी बरोबर म्हटलं नाही. पण त्याच्या घरावरून जाल तेव्हा दारात क्षणभर थांबून त्याला नावानं हाक मारा.